सातव्या नावापर्यंत

आत-बाशीहून तो पहाटेच्या बसनं आला,
कोटाच्या आत, काखेत धरून
बायकोचं रक्त.
"गोठू नये म्हणून," शेरमाम्बेत म्हणाला,
आणि नळी टेबलावर ठेवताना दोन्ही हात लावले,
पाहुण्यापुढे पेला ठेवावा तसे.

दुसऱ्या खिशात मेंढ्यांच्या पाच नळ्या.
त्या त्यानं काखेत धरल्या नव्हत्या.

बुरुलकानला ताप येतो, जातो.
रात्री अंथरूण भिजतं, सकाळी उठून ती दूध काढते.
गावात म्हणाले वात आहे, मग म्हणाले वय आहे,
मग काही म्हणेनासे झाले.
अकरा मेंढ्यांनी गाभ टाकला होता
आणि तिनं तो उघड्या हातांनी उचलला होता.
उघड्या हातांनी नाही तर कशानं उचलायचा?

हा जंतू लहान, मुका,
पेशीच्या आत दडी मारून बसणारा.
बशीत वाढवायचा तर आठवडे लावतो
आणि कधी वाढवणाऱ्यालाच धरतो.
आमच्या ग्युलझिनाला धरला, तेव्हापासून
तिचा गुडघा हवामान सांगतो.
म्हणून आम्ही त्याला घरात बोलावत नाही.
उंबऱ्यावरूनच त्याच्या नावानं हाक देतो.

पंचाण्णव अंशांवर दुपेडी वीण उसवते.
साठावर दोन तोकडे धागे
आपली जोडी शोधत फिरतात,
सापडली तर बिलगतात, नाही तर नाही,
त्यांना कुणाची भीड नसते.
बहात्तरावर नवी वीण.
एकाचे दोन, दोनाचे चार,
अशा चाळीस फेऱ्या,
आणि सत्ताविसाव्या फेरीला वीज गेली.

मी शिवी दिली. कुणाच्या पिढ्यांना, आठवत नाही.
बाकावरून शेरमाम्बेत म्हणाला,
"दमलं असेल. चढ मोठा आहे."

दुसऱ्यांदा रेषा चढली.
तीन मेंढ्यांच्या आधी, बुरुलकानची मागून, धापा टाकत.
शुद्ध पाण्याची नळी शेवटपर्यंत सपाट.
मी तिच्याकडेच जास्त वेळ पाहत राहिले.
जिच्यात काही नाही, तिनं काही नाही म्हणावं,
यावर बाकी सगळ्यांचा शब्द उभा असतो.

डॉक्टरनं सहा आठवड्यांच्या गोळ्या दिल्या.
मी म्हटलं, दूध उकळून प्या.
तोंड पोळल्यावर ताक फुंकायचं ते हेच.

मग बिश्केकहून कागद आला, नुसते आकडे.
जंतूच्या आत तोच तो शब्द
कुठे किती वेळा घोकलाय, ते मोजून कूळ लावतात.
बुरुलकान : चार, पाच, तीन, तेरा.
मेंढ्या : चार, पाच, तीन, तेरा.
आणि गेल्या वर्षीच्या वहीत, माझ्याच अक्षरात,
चार, पाच, तीन, तेरा :
ओमुरझाकचा एडका.
ओमुरझाक त्याचा धाकटा भाऊ.
एडका लग्नातल्या देण्याघेण्यातला.

इथे प्रत्येकाला सात बाप पाठ असतात,
सातव्या नावापर्यंत अडखळला तर पोराला हसतात.
शेरमाम्बेतनं कागदावरचे आकडे
तसेच पुटपुटत वाचले,
बोट ठेवून, खालून वर.
पाणी कुठे मुरलंय ते मला दिसत होतं,
आता त्यालाही दिसलं.
मी वही मिटली. उशीर झाला होता मिटायला.
भाऊ भावाच्या कुरणात घोडं घालतो
ते मी याहून लहान कारणांवरून पाहिलंय.

तो टोपी हातात फिरवत राहिला.
बाहेर कुणीतरी बर्फ खरवडत होतं.
"त्याची बायको," तो शेवटी म्हणाला,
"दोन वर्षं कंबर धरून चालते.
आम्ही तिला आळशी म्हणायचो."

मग त्यानं दोन रिकाम्या नळ्या मागितल्या,
एक तिच्यासाठी, एक त्याच्यासाठी.
मी दिल्या. नावं लिहायची जागा कोरी.

दाराशी थांबून त्यानं कोटाची वरची दोन बटणं काढली
आणि त्या काखेत ठेवल्या.
त्यांच्यात अजून
गोठण्यासारखं काही नव्हतं.